एक क्लाउड कीं अनेक?

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत स्टेशनांत उभी राहिली म्हणजे बाहेरगांवचे उतारू वडापाव घेण्याच्या गडबडींत असतात. त्याच वेळीं गाडीच्या शेपटाशीं काय चाललें आहे याकडे मात्र फारच थोड्यांचें लक्ष जातें. तेथें दोन-तीन जादा इंजिनें येऊन लागत असतात. रेल्वेचे लोक त्यांस 'बँकर' म्हणतात. पुढें बोरघाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट असा उभा आहे; गाडीचें स्वतःचें इंजिन सपाटीवर पुरेसें असलें तरी तेथें एकटें पुरत नाहीं. बँकर मागून रेटा देतात, लोणावळ्यास सुटतात आणि पुढच्या एखाद्या गाडीसाठीं पुन्हां खालीं येतात. चेन्नईस जाणाऱ्या गाडीनें हीं इंजिनें सबंध वाटभर बरोबर न्यावीं असें कोणीही म्हणणार नाहीं. चढापुरतीं घ्यावीं, चढ संपला कीं सोडावीं. हल्लीं वंदे भारतसारख्या कांहीं गाड्या बँकरांवांचून घाट चढतात. पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांस ते अजून लागतातच.

व्यापारधंद्यांत ज्यास हल्लीं 'क्लाउड' म्हणतात त्याचें मर्म वर्गांत समजावून देतांना आम्ही प्रथम ह्या बँकरांचाच दाखला देतों. खोपोलीकडील एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणावा. कामगारांची हजेरी व पगार, कोठारांतील मालाची नोंद, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, बिलें, जीएसटीचा हिशेब, हें सर्व आतां सॉफ्टवेअरवर चालतें. वीस वर्षांपूर्वीं अशा कारखान्यांत एक थंड केलेली खोली असे व तींत कारखान्याचा स्वतःचा सर्व्हर असे. पगाराच्या दिवशीं जितकी शक्ति लागेल तितक्या शक्तीचें यंत्र घ्यावें लागे, आणि महिन्याचे उरलेले दिवस तें जवळजवळ निजून राही. क्लाउड म्हणजे आकाशांतला ढग नव्हे. तीं कोणा मोठ्या कंपनीचीं हजारों यंत्रें होत, आणि तीं पक्क्या इमारतींत, वीज व थंडावा यांच्या कडेकोट बंदोबस्तांत ठेविलेलीं असतात. कारखाना त्यांतील शक्ति लागेल तेवढी, लागेल तेवढा वेळ भाड्यानें घेतो. पगाराच्या दिवशीं बँकर जोडले, दुसऱ्या दिवशीं सोडले.

ही कल्पना आमच्या भागास मुळींच नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या कापडगिरण्या आपापलें बॉयलर व आपापलें वाफेचें इंजिन बाळगून असत. कोळसा आणावा, धूर सोसावा आणि इंजिन बिघडलें तर सबंध गिरणीनें बसून राहावें, असा तो व्यवहार होता. १९१० सालीं टाटांची जलविद्युत् कंपनी निघाली व १९१५ सालीं खोपोलीचें वीजघर सुरू झालें. लोणावळ्याच्या बाजूच्या वळवण, शिरवटा इत्यादि तलावांचें पाणी नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं येऊन चक्रें फिरवूं लागलें, आणि ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांस पोंचूं लागली. गिरणीमालकानें शक्ति घरीं उत्पन्न करण्याऐवजीं मोजून विकत घ्यावी, हा जो पालट त्या काळीं झाला तोच आज संगणकाच्या बाबतींत होत आहे. पुढें १९२२ सालीं कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें व १९२७ सालीं कुंडलिकेच्या खोऱ्यांतील भिऱ्याचें वीजघर चालू झालें. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॉट, भिवपुरीची ७५ व भिऱ्याची ३०० मेगावॉट आहे. भिऱ्यास पाणी देणारें मुळशीचें धरण ज्यांच्या भातशेतांवर झालें, त्या मावळच्या शेतकऱ्यांचा १९२१ ते १९२४ पर्यंतचा सत्याग्रह हा निराळा विषय आहे. परंतु दूरच्या शहरास शक्ति सहज मिळते तेव्हां तिची किंमत कोठें तरी कोणी तरी भरलेली असते, एवढें जातां जातां सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

हीं तीन वीजघरें मागणी वाढत गेली म्हणून झालीं. पण त्यांतून दुसरा एक लाभ आपोआप झाला. एक बंद पडलें तरी दुसऱ्याची वीज त्याच तारांतून वाहूं शकते, आणि गिरणींतील माग चालवणाऱ्यास ती कोठून आली याचा पत्ताही लागत नाहीं. क्लाउडच्या बाबतींत हाच लाभ पदरांत पाडून घ्यावा, म्हणजे एकाच कंपनीच्या यंत्रांवर सर्व भिस्त न ठेवतां दोन-तीन कंपन्यांच्या यंत्रांवर मिळून आपला व्यवहार चालवावा, ह्या पद्धतीस 'मल्टि-क्लाउड' असें नांव पडलें आहे. मोठमोठे धंदे आज ह्या मार्गानें जात आहेत. तो लाभ त्यांस खरोखर मिळतो काय, हें आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम जवळपासची स्थिति सांगतों. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं पुणें, मुंबई व चेन्नई येथें आपल्या अझूर नांवाच्या क्लाउडचीं ठाणीं उघडलीं. ॲमेझॉननें २०१६ सालीं, गूगलनें २०१७ सालीं आणि ओरॅकलनें २०१९ सालीं मुंबईंत आपापलीं ठाणीं मांडलीं. भारत सरकारनें २०१४ सालीं सरकारी कामासाठीं जो क्लाउड सुरू केला त्यास 'मेघराज' असें समर्पक नांव दिलें, व महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं सार्वजनिक क्लाउडविषयीं आपलें धोरण जाहीर केलें. आमचे विद्यार्थी ज्या कर्जत व खालापूर तालुक्यांतून येतात त्या दोहोंस लागून असलेल्या पनवेल तालुक्यांत २०२० सालीं एक प्रचंड डेटा सेंटर उभें राहिलें. म्हणजे ज्या एकाच शहरांत चार निरनिराळ्या कंपन्यांचे क्लाउड मिळतात, तें शहर आमच्यापासून लोकलच्या प्रवासाइतकें दूर आहे. कांहीं मुलें शाळा सोडल्यावर तेथेंच नोकरीस लागलीं आहेत, व हा लेख लिहिण्याचें एक कारण तेंही आहे.

एकाहून अधिक क्लाउड घेण्याचीं कारणें पुष्कळ सांगतात. एका कंपनीची एक सेवा चांगली, दुसरीची दुसरी. दोन धंदे एकत्र झाले आणि प्रत्येकानें आपला क्लाउड बरोबर आणला. भाव करतांना हातीं दुसरा पर्याय असलेला बरा. हीं कारणें खरीं आहेत, पण त्यांवर थांबण्याची गरज नाहीं. मुख्य कारण भीति हें होय, आणि ती निराधार नाहीं. २०२५ ह्या एकाच सालीं तिन्ही बलाढ्य कंपन्यांस ठेंच लागली. १२ जून रोजीं गूगलचा क्लाउड कित्येक तास बिघडला. २० ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या ठाण्यांत नांवावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेंत दोष उत्पन्न झाला आणि जगभरचीं कित्येक ॲपें बंद पडलीं. त्यानंतर नऊच दिवसांनीं, २९ ऑक्टोबर रोजीं, मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्यें एक चुकीचा फेरबदल सर्वत्र पसरला व तिचीही तीच गत झाली. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, तिघांचे दिवस निरनिराळे होते. ज्याचें काम तिघांपैकीं कोणाही दोघांवर सारखेंच चालूं शकत होतें, त्याचें काम ह्या तिन्ही दिवशीं चालूं शकलें असतें.

ऑस्ट्रेलियांतील युनिसुपर नांवाच्या निवृत्तिवेतन फंडाची हकीकत ह्याहून बोधप्रद आहे. ह्या फंडाचे सहा लाखांहून अधिक सभासद आहेत. त्यानें आपली सर्व मांडणी गूगलच्या क्लाउडवर, निरनिराळ्या दोन ठिकाणीं, केली होती. एक ठिकाण बुडालें तर दुसरें तरेल असा हिशेब होता. २०२४ च्या मे महिन्यांत दोन्ही ठिकाणची मांडणी एकदम पुसली गेली. प्रथम ती उभारतांना कंपनीच्या माणसानें एक रकाना कोरा ठेविला होता. यंत्रणेनें त्याचा अर्थ एक वर्षाची मुदत असा धरला व मुदत भरतांच सर्व आपोआप नाहींसें केलें. आठवड्याहून अधिक काळ सभासदांस आपलें खातें पाहतां आलें नाहीं. फंडानें आपल्या नोंदींच्या प्रती दुसऱ्या एका कंपनीकडेही ठेविल्या होत्या, आणि सर्व पुन्हां उभें करतांना त्यांचा मोठा आधार झाला. युनिसुपरचें रोजचें काम कांहीं दोन क्लाउडांवर चालत नव्हतें, फक्त प्रत दुसरीकडे होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग आहे.

ख्रिस्ती वाचकांस येथें उपदेशकाच्या पुस्तकांतील, आपला वांटा अनेकांत विभागून ठेवण्याविषयींचा सल्ला आठवेल. वर्गांत आम्हीं त्याचा उल्लेख केला तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलानें दोन धन्यांच्या चाकरीविषयींची शिकवण पुढें केली. मुलगा द्वाड आहे, पण त्याचा प्रश्न द्वाड नव्हता. दोन क्लाउड घेतले म्हणजे संकट निम्मे होतें कीं दुप्पट, ह्याचें उत्तर गणितानें देतां येतें.

समजा, एक क्लाउड शंभरांतील ९९ वेळां चालू असतो. (खऱ्या कंपन्या ह्याहून पुष्कळ बऱ्या आहेत, गणित सोपें व्हावें म्हणून हा आंकडा घेतला.) वर्षाचे ३६५ दिवस धरले तर तो सुमारें साडेतीन दिवस बंद राहील. आतां दोन असे क्लाउड घेतले आणि काम अशा रीतीनें मांडलें कीं दोहोंपैकीं कोणताही एक चालू असला तरी पुरे. तर काम बंद पडण्यास दोघेही एकाच वेळीं बंद पडले पाहिजेत. शंभरांतील एकाचा शंभरावा भाग म्हणजे दहा हजारांत एक, म्हणजे वर्षाकांठीं सुमारें ५३ मिनिटें. केवढा हा फरक! परंतु तेंच काम जर असें विभागलें कीं ऑर्डरी एका क्लाउडवर, कोठाराची नोंद दुसऱ्यावर, व बिल करावयास दोन्ही लागतात, तर काम चालण्यास दोघेही एकाच वेळीं चालू असले पाहिजेत. ९९ गुणिलें ९९ भागिलें १०० म्हणजे ९८ आणि किंचित्. वर्षाकांठीं सव्वासात दिवस बंद. खर्च दुप्पट आणि खोळंबाही दुप्पट! पहिली मांडणी शेजारीशेजारी जोडलेल्या दिव्यांची व दुसरी एका माळेंत ओवलेल्या दिव्यांची, असें पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांस सांगितलें म्हणजे लगेच कळतें. दुःखाची गोष्ट ही कीं, पुष्कळ धंदे पहिल्या मांडणीच्या नांवानें दुसरी विकत घेतात. आणि पहिल्या मांडणींतही दोघे खरोखर स्वतंत्र असले पाहिजेत. दोहोंकडे प्रवेश करण्याची किल्ली जर एकाच तिसऱ्या कंपनीच्या हातीं असेल तर ती कंपनी निजली कीं दोन्ही दारें बंद.

मग सर्वांनीं पहिलीच मांडणी कां करूं नये? ह्याचें उत्तर पुन्हां आमच्या घाटाच्या पायथ्याशीं आहे. नवें जनित्र चालू जाळ्यास जोडावयाचें असतें तेव्हां तें नुसतें फिरूं लागलें म्हणून जोडीत नाहींत. त्याची गति अशी आणतात कीं त्याची वीज सेकंदास ५० आवर्तनें करील, दाब जुळवतात, मग दोन्ही लाटांची चढउतार बरोबर एका क्षणीं होत आहे असें कांट्यावर दिसलें म्हणजे कळ दाबतात. एवढें जुळल्यावर मात्र भिवपुरीची वीज व खोपोलीची वीज यांत तिळभर भेद राहत नाहीं. ह्या ५० आवर्तनांच्या एकमतामुळेंच तीन वीजघरांचें एक जाळें होतें. क्लाउडच्या राज्यांत असें एकमत नाहीं. ॲमेझॉनची साठवण, गूगलची साठवण व मायक्रोसॉफ्टची साठवण ह्या कामानें सारख्या, पण त्यांस हांक मारण्याची भाषा निराळी, परवानग्या देण्याची रीत निराळी, बिघाडाची खूण निराळी. एका क्लाउडच्या खास सोयींवर बांधलेलें सॉफ्टवेअर दुसऱ्यावर नेऊन ठेवलें तर तें चालत नाहीं. पुष्कळसें पुन्हां लिहावें लागतें.

ह्यावर एक तोड निघाली आहे, व तिचें नांव आमच्याच जिल्ह्यांत रोज डोळ्यांस पडतें. उरण तालुक्यांतील न्हावा-शेवा बंदर १९८९ सालीं सुरू झालें. तेथून निघालेले कंटेनर लादलेल्या मोटारी खालापूरच्या टोलनाक्यावरून घाट चढतांना आम्ही पाहतों. त्या पेटींत औषध आहे कीं कापड, याची क्रेन चालविणाऱ्यास पर्वा नसते. पेटीचें माप व कोपरे ठरलेले असले म्हणजे जहाज, आगगाडी व मोटार यांवर ती सारखीच बसते. १९५६ सालीं अमेरिकेंत माल्कम मॅक्लीन यानें अशा पेट्यांची पहिली खेप जहाजानें रवाना केली, व पुढें पेट्यांचें माप जगभर एक ठरलें. सॉफ्टवेअरच्या जगांत २०१३ सालीं डॉकर नांवाचें साधन निघालें. त्यानें कामाचें सॉफ्टवेअर व त्यास लागणारें सर्व लहानसहान सामान एका बंद पेटींत भरतां येऊं लागलें, आणि त्या पेटीसही कंटेनर हेंच नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं गूगलनें कुबरनेटीस नांवाची यंत्रणा सर्वांस मोफत खुली केली. अशा शेंकडों पेट्या कोणत्या यंत्रावर ठेवाव्या, एखादी मेली तर दुसरी कशी उभी करावी, हें काम ती बंदरावरील मुकादमाप्रमाणें पाहते. आज प्रत्येक मोठ्या क्लाउडवर ही यंत्रणा मिळते. त्यामुळें पेटी एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवणें पूर्वींपेक्षां पुष्कळ सोपें झालें आहे.

तथापि पेटींत काय मावत नाहीं हें कोणी लवकर सांगत नाहीं. मावत नाहीं ती खातेवही. सॉफ्टवेअर म्हणजे कारकून; तो आज येथें, उद्यां तेथें बसूं शकेल. पण खातेवही एकच असली पाहिजे. समजा, आमच्या कल्पनेंतील कारखान्यानें दोन क्लाउडांवर दोन वह्या ठेविल्या, आणि कोठारांत शेवटचे शंभर पत्रे राहिले असतां एका गिऱ्हाइकाची ऑर्डर एका वहींत व दुसऱ्याची दुसऱ्या वहींत एकाच क्षणीं नोंदली गेली, तर तेच पत्रे दोघांस विकले जातील. हें टाळण्यास प्रत्येक नोंद पक्की करण्यापूर्वीं एका वहीनें दुसरीस विचारलें पाहिजे. आणि मधली वाट तुटली असेल तर तिनें एक तर थांबावें, नाहीं तर चुकण्याचा धोका पत्करून पुढें जावें. तिसरा मार्ग नाहीं. बँकेनें थांबावें, तालुक्याच्या भाताच्या व्यापाऱ्यानें कदाचित् पुढें जावें व संध्याकाळीं मेळ घालावा. हा निर्णय यंत्राचा नव्हे, धंद्याच्या मालकाचा आहे, आणि तो त्यास कोणी विचारीत नाहीं हें मोठें व्यंग होय.

विचारण्यासही वेळ लागतो. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून व्हर्जिनिया तेरा हजार किलोमीटर धरली तर जाऊन येण्यास सेकंदाचे तेरा शतांश लागतात, व प्रत्यक्षांत ह्याहून अधिकच. एकदां विचारलें तर कांहींच नाहीं. पण पगाराच्या एका हिशेबांत दोन वह्यांची शंभर वेळां विचारपूस होत असेल तर तेरा सेकंद गेले, आणि कामगार पांचशें असतील तर पावणेदोन तासांहून अधिक. हेंच मुंबई व पुण्याच्या मध्यें, सुमारें १२० किलोमीटरांत, असेल तर शंभर फेऱ्यांस सेकंदाचा आठवा भागही लागत नाहीं. म्हणून दोन क्लाउड घ्यावयाचेच तर ते जवळचे घ्यावे. आणि फार जवळचे घेतले तर एकाच पुरानें किंवा एकाच वीजबंदीनें दोन्ही जाण्याची भीति. मुंबई व हैदराबाद अशी जोडी पुष्कळ जण पसंत करतात, ती ह्याच दोन भयांच्या मधली वाट म्हणून.

आतां बाहेर पडण्याविषयीं. ह्या बाबतींत आमचा अनुभव सांगण्याजोगा आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या कचेरीनें फीचा हिशेब व परीक्षांचे गुण एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ठेविले. काम उत्तम चाललें. मग कंपनीनें दर वाढविला, व तो आम्हांस परवडेना. आम्हीं आमच्या नोंदी परत मागितल्या. त्या मिळाल्या, कंपनीनें कबुलीप्रमाणें सर्व दिलें. परंतु दिलें तें छापील पानांच्या रूपांत, शेंकडों पानें, जीं माणसास वाचतां येतात आणि दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरास वाचतां येत नाहींत. त्या मे महिन्याच्या सुटींत दोन कारकून व सात शिक्षक बसून सर्व पुन्हां टंकलिखित करीत होते. आमच्या वांट्यास आठवी व नववीचे गुण आले. करारांत 'नोंदी परत मिळतील' एवढेंच होतें. कोणत्या रूपांत, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. दोष आमचाच, हें आम्ही कबूल करतों.

जें आम्हांस सुचलें नाहीं तें रिझर्व्ह बँकेस सुचलें आहे. बँकांनीं संगणकाचीं कामें बाहेर देण्याविषयीं तिनें एप्रिल २०२३ मध्यें जे नियम केले व जे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, त्यांत बाहेर पडण्याची योजना आधींच तयार असली पाहिजे अशी अट आहे. सेबीनेंही त्याच वर्षीं क्लाउड वापरण्याविषयीं आपली चौकट घालून दिली. क्लाउडच्या कंपन्या नोंदी आंत आणण्यास सहसा कांहीं घेत नाहींत, बाहेर नेतांना मात्र मापून पैसे घेतात. विंचवाची नांगी ती हीच. २०२४ सालीं गूगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट ह्या तिघांनींही, जें गिऱ्हाईक कायमचें सोडून जात असेल त्यास हा आकार माफ केला. परंतु जो दोन क्लाउडांवर रोज काम करतो व रोज नोंदी इकडून तिकडे पाठवितो, तो कायमचा सोडून जात नाहीं. त्यास तो बहुतांशीं भरावाच लागतो. मल्टि-क्लाउडच्या जाहिरातींत हा खर्च दिसत नाहीं. दोन्ही क्लाउड जाणणारीं माणसें ठेवण्याचा खर्च तर त्याहूनही मोठा. ज्या मुलास एक क्लाउड नीट येतो त्यास नोकरी मिळते. ज्यास दोन येतात त्यास मालक शोधीत येतो.

तर मग आमच्या भागांतील लहान कारखानदारानें काय करावें? आमचें मत असें कीं, दोन क्लाउडांवर एकदम काम चालविण्याच्या भरीस त्यानें पडूं नये. तें बँकांस, शेअर बाजारास, फार मोठ्या धंद्यांस शोभतें. त्यानें काम एका ठिकाणीं नीट चालवावें, सॉफ्टवेअर शक्य तों कंटेनरांत ठेवावें, आणि खातेवहीची प्रत, दुसऱ्या सॉफ्टवेअरास वाचतां येईल अशा रूपांत, रोज दुसऱ्या कंपनीकडे पाठवावी. युनिसुपरच्या मदतीस आली ती अशी प्रतच. उलट दक्षिण कोरियांत डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरास २६ सप्टेंबर २०२५ रोजीं आग लागली, तींत सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचें ८५८ टेराबाइटांचें कोठार जळालें, आणि त्याची प्रत बाहेर कोठेंच नव्हती.

जें काम क्षणभरही अडतां कामा नये तेवढ्यापुरता मात्र दुसरा चालू मार्ग असावा. मालाची मोटार फाटकाशीं उभी आहे आणि ई-वे बिल निघत नाहीं, असें झालें तर कारखान्याचा तो दिवस फुकट जातो. सरकारनेंच १ जुलै २०२५ पासून ई-वे बिलासाठीं दुसरें संकेतस्थळ सुरू केलें व दोहोंतील नोंदी परस्परांशीं जुळत्या ठेवण्याची व्यवस्था केली. एक अडलें तर दुसऱ्यावरून बिल काढावें. सर्व जीएसटी दोनदां उभारण्याच्या फंदांत सरकार पडलें नाहीं, जेथें मोटार अडते तेवढाच दरवाजा दुहेरी केला. हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटलें.

आणि जी दुसरी वाट ठेवावयाची ती चालून पाहिलेली असावी. मुंबईची वीज राज्याच्या जाळ्यापासून अलग करून चालू ठेवण्याची एक योजना चार दशकांपूर्वींपासून तयार होती, व कित्येक प्रसंगीं तिनें शहरास वांचविलेंही होतें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं बाहेरच्या वाहिन्या बिघडल्या तेव्हां ती टिकली नाहीं. लोकल जागच्या जागीं उभ्या राहिल्या, व कर्जतकडून कामास निघालेलीं माणसें वाटेंतच अडकलीं. कागदावरील योजना व प्रत्यक्ष कळ दाबणें ह्यांत हें अंतर असतें.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं कचेरींत अशीच एक तालीम केली. सध्यांची कंपनी बंद पडली असें समजावयाचें, व दुसरीकडे ठेविलेल्या प्रतीवरून फीची वही नव्या यंत्रावर उभी करावयाची. एक तासाचें काम म्हणून बसलों, तें तीन दिवस चाललें. प्रत उत्तम होती. पण ती उघडण्याचा सांकेतिक आंकडा ज्या मोबाइलवर येतो तो क्रमांक दोन वर्षांपूर्वीं निवृत्त झालेल्या आमच्या हेडक्लार्कांचा निघाला, आणि ते मुलाकडे नागपुरास गेले होते. नाताळच्या सुटींत पुन्हां बसलों तेव्हां चार तास लागले. आतां तो क्रमांक मुख्याध्यापकांच्या टेबलावरील फोनचा आहे. तिसरी तालीम मे महिन्यांत व्हावयाची आहे, व तींत अकरावीचीं चार मुलें घ्यावयाचें ठरलें आहे.